बाभळीवरचा कापूस

तरुणपणी मी फार शहाणी होते. तरुणपणी म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वी. सत्तरी जवळ आली होती, अक्कल मात्र मागच्या गाडीने येत होती. तेव्हा मला सगळं माहीत असायचं. कोणाच्या गुडघ्याला कोणतं तेल लागू पडतं, कोणाची सून माहेरी का गेली, यंदा कापसाला भाव का नाही, कशाचंही उत्तर प्रश्न संपायच्या आधी माझ्या तोंडात तयार. सुट्टीत आलेला माझा नातू पाहुण्यांना दारातच बजावायचा, "आजीला काही विचारू नका, ती सांगेल."

अशा ऐन शहाणपणाच्या दिवसांत मला ती भेटली. तिचं आवडतं वाक्य होतं, "माहीत नाही." आणि ते ती असं म्हणायची की जणू कोणी तिच्या हातावर गरम जिलबी ठेवली आहे.

दिग्रसला भाचीच्या मुलीचं बारसं आटोपून मी यवतमाळला परत येत होते. दारव्ह्याच्या अलीकडे आमच्या एसटीचं चाक बसलं. सगळे उतरले. पुरुषमंडळी चाकाभोवती गोल करून ड्रायव्हरला सल्ले देऊ लागली, बाया सावलीला गेल्या. कापसाचा हंगाम होता. त्या दिवसांत कापसाने ओथंबलेल्या गाड्या बाजाराकडे जातात आणि रस्त्याकडेच्या बाभळी जाता जाता त्यातला चिमूट चिमूट कापूस ओरबाडून घेतात. बाभळीला पांढरी फुलं आल्यासारखी दिसतात.

एका बाभळीखाली एक पोरगी टाचा उंचावून उभी होती. वय असेल तिशीच्या आत. एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्या पायात काळी. हातात लोखंडी चिमटा, आणि चिमट्याने ती काट्यातला कापसाचा पुंजका अलगद सोडवत होती, मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा.

मला बघताक्षणी सगळं कळलं. गरीब घरची आहे, देवाच्या वातींना कापूस गोळा करते आहे. माझं मन लगेच मोठं झालं. माझं मन लोकांसमोर लवकर मोठं व्हायचं.

"काट्यातला कापूस कायले काढतं वं बाई? वातीले पाहिजे असन तर माह्या घरी ये. पोतंभर पडला हाय."

"वातीले नाही, आजी. हा इथंच काहून अडकला, ते पाहून राह्यली."

"बाभळीले काटे असतात म्हणून."

"काटे तर साऱ्याच बाभळीले हायेत. ती पलीकडची पाहा. एक पुंजका नाही तिच्यावर."

मी पाहिलं. खरंच नव्हता. "वारा असन," मी ठणकावून सांगितलं.

"वारा तर दोघींलेबी तोच हाय."

"मंग?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि खुदकन हसली.

चाक बदललं. ती माझ्या शेजारी येऊन बसली, कारण तिच्या जागेवर तेवढ्यात एका माणसाने कोंबड्यांची टोपली ठेवली होती आणि ती उचलायला सांगायचं तिला सुचलंच नाही. मी चौकशी सुरू केली. दिग्रसकडच्या एका तांड्यातली होती. बाप शेती करायचा. ती नागपुरात शिकून शास्त्रज्ञ झाली होती, नुकतीच, म्हणजे अजून हळद ओलीच. कामासाठी आता वर्षभर यवतमाळात राहायचं होतं.

"काय काम करतं?"

"कॅन्सर रक्तातून कसा फिरते, ते पाहते."

"मंग कसा फिरते?"

"माहीत नाही."

"मंग पगार कायचा भेटते?"

तिने यावर खरंच विचार केला. एवढा की पुढचा थांबा येऊन गेला. मग म्हणाली, "माहीत नाही म्हणायचाच भेटते, आजी. बाकी साऱ्यायले माहीत असते ना."

तो टोमणा मला होता हे माझ्या लक्षात यायला घर यावं लागलं. तोवर मी तिला माझी वरची खोली भाड्याने देऊन बसले होते.

खोली बघायला आली तेव्हा तिने पाणी किती वाजता येतं विचारलं नाही, संडास कुठे आहे विचारलं नाही. विचारलं काय, तर गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार किती लांब आहे! मी म्हटलं, मुलगी टापटिपीची दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर तारेला दवाखान्यातली सलाइनची लांबच लांब नळी बांधलेली, तिला पाच ठिकाणी वाकण दिलेलं, नळीतून पाणी वाहतंय, आणि पाण्यातून माझी मोहरी.

"माही फोडणीची मोहरी हाय ते!"

"हाव आजी. विचारणारच होती. पण तुमी झोपल्या होत्या."

मी तिला विचारलं की हा काय खेळ आहे. तर तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः फरशीवर बसून समजावून सांगितलं. अंगात कुठे गाठ झाली की तिच्यातल्या काही पेशी सुटतात आणि रक्तात शिरतात. बहुतेक वाटेतच मरून जातात. रक्ताचा जोर त्यांना सोसत नाही, अंगातले राखणदार त्यांना खातात. एखादीच टिकते, कुठेतरी जाऊन अडकते, तिथे बिऱ्हाड करते. ती कोणती, कुठे अडकते आणि तिथेच का, एवढंच तिचं काम होतं.

"आणि एकटी असली का मरते," ती म्हणाली, "पण चार-पाच एकमेकीले धरून निघाल्या का टिकतात. पाहा." तिने माझी मोहरी गुळाच्या पाण्यात भिजवून तिचे बारके गोळे केले होते. सुटा दाणा वाकणावरून सुळकन जायचा. गोळा आला की अडकायचा. "आमची आजी सांगे. जुन्या काळी लदेणी निघे, बैलायवर मीठ लादून. एकटा बैल मागं राह्यला का गेला. तांडा मात्र पोचे."

हे तिने एकदा फोनवर आपल्या आईलाही सांगितलं, त्यांच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत. मला शब्द कळले नाहीत, पण आईचा सूर खालपर्यंत कळला. फोन ठेवून ती हिरमुसून खाली आली.

"याडी चिडली. म्हणते, आमचा तांडा म्हणजे काय रोग हाय का?"

"मंग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, उदाहरण चांगलं हाय. तर म्हणते, उदाहरण चांगलं हाय तर लग्न कधी करतं?"

"मंग?"

"माहीत नाही म्हटलं."

तिच्या खोडी किती सांगाव्या! गल्लीतली नाली धुतली की ती नालीकाठी उभी राहायची, कुठली काडी कुठे थांबते ते बघत. येणारे-जाणारे विचारायचे, ताई, काही पडलं का? ती म्हणायची, नाही, पण पडलं असतं तर कुठं भेटलं असतं ते पाहून राह्यली. भाजीत मीठ किती म्हणून विचारलं तर "थोडं" असं कधी म्हणाली नाही. चव घेऊन डोळे मिटून बसायची आणि मग म्हणायची, "आधीच्या वेळेपेक्षा जास्त. पण आधीच्या वेळी मले सर्दी होती." साध्या प्रश्नाला साधं खोटं उत्तर द्यायची कला तिच्या अंगी नव्हतीच. मी नवीन साडी नेसून विचारलं, कशी दिसते? तर म्हणाली, "साडी चांगली दिसते."

आता आमच्या घराचा नकाशा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. घर एकच, सिमेंटचं, मधोमध भिंत. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे माझी थोरली जाऊ. वयाने ती माझ्याहून एका पावसाळ्याने मोठी, पण नात्याने थोरली म्हणून मी तिला "बाई" आणि "तुमी" म्हणायची, आणि ती मला "धाकटे". एकाच हंगामात दोघी या घरात सुना म्हणून आलो, एकाच विहिरीचं पाणी प्यालो, एकाच सासूची बोलणी खाल्ली. दोघींचेही नवरे आता फोटोत आहेत आणि मुलं पुण्यात.

चूल मात्र वेगळी. कारण सांगायला मला आता लाज वाटते, तेव्हा अभिमान वाटायचा. खूप वर्षांपूर्वी शेतात पाहुण्यांसाठी कणकेचे रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या आरावर मी भाजले होते. बाईंनी सगळ्यांसमोर एक रोडगा उचलून दगडावर आपटला आणि म्हणाल्या, "पाहा, दगड फुटला." पाहुणे हसले. माझा नवराही हसला. मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी चूल वेगळी मागितली. इतिहासात राज्यं याहून मोठ्या कारणाने फुटली असतील. मी तेवढीही वाट पाहिली नाही. भिंत झाली. बोलणं राहिलं, सणाला ताट झाकून देणंघेणं राहिलं, पण एकीच्या स्वयंपाकघरात दुसरी जेवली नाही ती नाहीच.

ती पोरगी राहायला आली तेव्हा बाईंचं कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, औषधांचे सगळे फेरे होऊन काही महिने झाले होते. केस परत येत होते, लहान मुलीसारखे भुरभुर. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आता काही होत नाही, गेला तो कायमचा. सर्वांत मोठ्याने मी म्हणायची. मला माहीतच होतं ना सगळं.

एका सकाळी आम्ही गच्चीवर गव्हाच्या कुरडया घालत होतो. कुरडया मात्र दोघी एकत्र घालायचो. त्याला चूल लागत असली तरी ती गच्चीवरची चूल, तिला भिंत लागू नव्हती. पोरगी कोपऱ्यात बसून शिजलेला चीक चाटत होती. बाईंनी सोऱ्या दाबता दाबता, वर न बघता विचारलं,

"पोरी, तू याच्यातलीच शिकली हायेस. सांग बरं. माह्या अंगात तो परत येईन का?"

मी तोंड उघडलं. पण ती आधी बोलली.

"माहीत नाही, मोठ्या आजी."

सोऱ्या थांबला. कुरडईचा फेर अर्धाच राहिला.

मी अशी तापले की चुलीचाही जाळ कमी पडला असता. "जीभ हाय का काय हाय तुले? आजारी माणसाले असं बोलतात? आजच्या आज खोली खाली कर!"

तिचा चेहरा पडला. वाद घातला नाही. उठली, हात धुतले, खाली जाऊन सामान बांधायला लागली. पाच मिनिटांनी परत वर आली आणि घाबरत विचारलं, "आजी, नळी उद्या सोडली तर चालन का? एक गोळा तिसऱ्या वाकणात हाय. तो निघते का नाही, ते पाहायचं होतं."

मी काही म्हणायच्या आत बाई हसायला लागल्या. सोऱ्या हातात, डोळ्यांत पाणी, आणि हसणं थांबेना.

"कोणाले हाकलून राह्यली वं धाकटे? बस पोरी इथं. तुमी सारे मले किती दिवसापासून सांगून राह्यले, काही होत नाही, काही होत नाही. मले कळते ना. सांगणाऱ्याचं तोंड कळते. हे एकटीच खरं बोलली. रातभर झोप नाही लागत मले, तुमी सारे इतके खातरीनं बोलता म्हणून." मग त्या पोरीकडे वळल्या. "माहीत नाही म्हणतं, मंग पाहतं तरी का?"

"रोज पाहते," पोरगी म्हणाली. "माहीत नाही, पण पाहून राह्यली."

"मंग माहं रक्त घे. त्याच्यात पाह."

असं ते सुरू झालं. पोरीला अशाच बायांचं रक्त हवं होतं, ज्यांचा उपचार होऊन गेला आहे. तिने बाईंना स्पष्ट सांगितलं की यातून तुमच्यासाठी काही निघणार नाही, औषध नाही, भविष्य नाही, निघालंच तर पुढच्या बायांसाठी. बाई म्हणाल्या, पुढच्या बाया काय परक्या हायेत? मग पोरगी जरा घुटमळली आणि म्हणाली, "पण एक अडचण हाय. जोडी लागते."

"कायची जोडी?"

"तुमच्या रक्तात मले जे दिसन, ते रोगाचं हाय का म्हातारपणाचं, का इथल्या पाण्याचं, का माह्या यंत्राची चूक, ते कसं कळन? म्हणून दर आजारी बाईमागे एक निरोगी बाई लागते. त्याच वयाची. त्याच घरातली, तेच पाणी पिणारी. पण रक्ताच्या नात्यातली नको. जोडी नसली तर सर म्हणतात, एकटं रक्त फेकून द्या."

एकाच घरातली, एकाच वयाची, आयुष्यभर एकच पाणी प्यालेली, आणि रक्ताचं नातं काडीचं नाही. जगात शास्त्रज्ञांनी ज्या बाईची व्याख्या इतकी नेमकी करून ठेवली आहे, तिला आमच्याकडे जाऊ म्हणतात.

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी देईन की," मी म्हणाले. "त्यात काय? एक काय, दोन बाटल्या घे."

ही माझी तरुणपणची सवय. हो आधी म्हणायचं, भ्यायचं नंतर. सुईचं नाव काढलं की माझे पाय थंड पडतात. दोन्ही बाळंतपणांत मी नर्सला इंजेक्शन सोडून बाकी काहीही दे म्हटलं होतं. नागपूरहून नमुने न्यायला गाडी यायची होती. रक्त त्याच दिवशी पोचावं लागे. पहिल्या खेपेला मी सांगितलं, आज संकष्टी आहे, उपासाला रक्त देत नाहीत. दुसऱ्या खेपेला एकादशी काढली. तिसऱ्या खेपेला अमावास्या. पोरगी प्रत्येक वेळी गंभीरपणे मान हलवायची. "उपासानं रक्तात काय फरक पडते? मले माहीत नाही. पण मोठ्या आजींनीबी त्या दिवशी उपास केला तर चालन."

तेव्हा ती साधीभोळी आहे की पक्की आतल्या गाठीची, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चौथ्या खेपेआधी बाई थेट माझ्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या, सवयीप्रमाणे.

"धाकटे, ह्या पोरीची वर्षाचीच मुदत हाय. जोडी नाही झाली तर माहं रक्त फुकट जाईन."

"बाई, मले सुईची भीती वाटते."

"सुईले नाही भेत तू."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"तुले वाटते, तुह्या रक्तात सापडला तर? हे काय मले समजत नाही? मले रोज वाटते ते. आता एक दिवस तुले वाटू दे." आणि मग, गोड आवाजात, जो त्या फक्त मला टोचायचं असलं की काढत, "माह्याच्यानं तर एवढं झालं. तुह्यानं एक सुई नाही होत? आणि म्हणे दोन बाटल्या घे."

मी पोरीलाही विचारलं. अगदी हळू. "माह्यात सापडला तर?"

"निरोगी माणसात सापडायले नाही पाहिजे," ती म्हणाली. "सापडला तर बहुतेक माह्या यंत्राची चूक असन."

"आणि चूक नसली तर?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खोटं बोलली असती तर त्या दिवशी मी तिला माफ केलं असतं.

"माहीत नाही, आजी. मंग डॉक्टरकडे जाऊ. मी येईन तुमच्यासंगं."

का कोण जाणे, त्याने मला बरं वाटलं. बाकी सगळ्यांनी मला "काही होत नाही" म्हटलं असतं आणि एकटीला सोडून दिलं असतं. ही म्हणाली, माहीत नाही, पण संगं येईन.

आता एक शेवटची अट होती. आदल्या संध्याकाळी दोघींनी सारखंच जेवायचं. एकाच चुलीवरचं, एकाच पातेल्यातलं.

"कोणाच्या घरचं?" मी आणि बाई एकदम म्हणालो.

पोरीला भिंतीचा इतिहास माहीत होता. सगळ्या गल्लीला माहीत होता. ती म्हणाली, भांडू नका, मी करते. माझ्या खोलीत. तिथं कोणाचीच चूल नाही.

संध्याकाळी आम्ही वर गेलो. दोन जावा, हातात आपापली पाण्याची तांब्याभांडी, लढाईला जावं तशा. पोरीने घाम पुसत दोन ताटं वाढली. ज्वारीची भाकरी म्हणून जे होतं, ते एका बाजूने कच्चं, दुसऱ्या बाजूने कोळसा. आकार तालुक्याच्या नकाशासारखा. वांग्याच्या भरतात वांगं होतं, पण ते भाजलं गेल्याची खबर त्याला नव्हती. मीठ तिने वजनकाट्यावर मोजून घातलं होतं, दोघींना सारखं जावं म्हणून, आणि सारखंच फार झालं होतं.

आम्ही एकेक घास घेतला. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत आमचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

"पोरी," बाई म्हणाल्या, "दगड हाय का जवळ? आपटून पाहते."

मी हसले. आधी तोंड दाबून, मग पोट धरून. पोरगी घाबरून आमच्याकडे बघत होती. बाईंनी पदर खोचला, परात पुढे ओढली आणि म्हणाल्या, "सरक. धाकटे, तू वांगे भाज. आरावर भाजजो, गॅसवर नको. भाजणं तुले येते तसं."

"रोडगे नाही येत?"

"रोडगे नाही येत," बाई म्हणाल्या. "पण वांगे येतात."

मी खाली अंगणात गोवरी पेटवली. वर बाईंच्या भाकरीचे थापे ऐकू येत होते. भिंत झाल्यापासून मी तो आवाज फक्त पलीकडून ऐकला होता. त्या रात्री आम्ही पोरीच्या खोलीत फरशीवर बसून एकाच परातीत जेवलो, पोरीलाही बसवून. तिने चौथी भाकरी घेताना विचारलं, "हे चव कशामुळे येते?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "माहीत नाही."

सकाळी सिस्टर आली. बाईंनी हात पुढे केला, सुई गेली, नळी भरली, बाई सिस्टरशी बाजारातल्या तुरीच्या भावाबद्दल बोलत होत्या. मग मी. मी डोळे मिटून खुर्चीत बसले, बाईंनी माझा दुसरा हात धरला. सिस्टरने दंडाखाली स्पिरिटचा ओला कापूस लावला.

एवढंच मला आठवतं.

डोळे उघडले तर मी फरशीवर, पाय उशीवर. रक्त अजून घ्यायचंच होतं. नुसता कापूस लागला तेवढ्यात मी गेले होते. शेजारी बाई बसून अशा हसत होत्या की त्यांचे भुरभुर केस हलत होते. "पाहा रे पाहा! जिले रोग झाला ते बसली हाय, आणि निरोगी आडवी!" पोरगी मात्र माझ्या चेहऱ्याजवळ वाकून, काळजीने, पण डोळ्यांत तीच जिलबी घेऊन म्हणाली, "आजी, कापसानंच काहून आली चक्कर? सुई तर लागलीच नव्हती."

मी म्हटलं, आडवीच आहे तर घेऊन टाक. घेतलं तिने. दोन नळ्या एका डब्यात शेजारी शेजारी ठेवल्या आणि गाडीत चढवल्या. बाई गाडीकडे बघत म्हणाल्या, "जावा निघाल्या नागपूरले."

मग दर खेपेला तेच झालं. आदल्या संध्याकाळी एक पातेलं, सकाळी मी आडवी. आधी वरच्या खोलीत जेवायचो, मग जिने चढायला कशाला म्हणून बाईंकडे, मग पुढच्या वेळी माझ्याकडे. कोणी ठरवलं नाही.

हिवाळ्यात तिची मुदत संपली. नागपूरच्या प्रयोगशाळेने तिला परत बोलावलं. तारेवरची नळी तिने सोडली आणि मोहरीची नवी पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली. ऑटोत सामान चढलं तेव्हा पायात परत दोन वेगळ्या चपला. बाई फाटकाशी आल्या.

"काय सापडलं मंग, इतके दिवस पाहून?"

तिने खूप वेळ विचार केला. ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

"माहीत नाही, मोठ्या आजी. पण आधीपेक्षा आता थोडं कमी 'माहीत नाही' हाय."

"येईन का तो परत?"

"ते अजून माहीत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पाहत राहजो."

ऑटो वळणावर गेला. त्या दिवशी गल्लीत कुठल्या तरी गाडीतून सांडलेला कापूस उडत होता. एक पुंजका आमच्या फाटकाला येऊन चिकटला. शेजारच्या फाटकाला नाही. आम्ही दोघींनी तो पाहिला आणि दोघीही काही बोललो नाही, जे माझ्या बाबतीत विशेष आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या ओट्यापाशी उभी होते. पीठ पुढे, पण हात काही पिठात जाईना. भिंतीपलीकडून परात ओढल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"धाकटे!" पलीकडून हाक आली.

"काय हो बाई?"

"पोरगी तर गेली. आता रक्त नाही, जोडी नाही. मंग आता ताटबी वेगळं का?"

"मले नाही माहीत."

पलीकडे परत परातीचा आवाज.

"मंग भाकरी किती टाकू?"

"टाका तर खरं," मी म्हणाले, आणि वांगं हातात घेऊन निघाले. "पाहू."